सेटचा नको, किलोचा भाव विचारा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की सोलापुरात घरोघरी मुलांची एक मागणी ठरलेली असते: व्यायामाचे सामान. त्याच सुमारास '२० किलोचा होम जिम सेट, सोबत ग्लोव्हज, दोरी, ग्रिपर आणि बॅग मोफत' अशा जाहिराती मोबाइलवर दिसू लागतात. पालक सेट मागवतात, मुलगा दोन महिने रेटतो आणि दिवाळीच्या साफसफाईत तो माळ्यावर जातो. यात मुलाचा आळस थोडा असतो आणि सामानाचा दोष जास्त. आमच्यापैकी एक जण फॅब्रिकेशनचे काम करतो, दुसरा मुलांना वजने उचलायला शिकवतो. कमी पैशात टिकाऊ सामान कसे जमवावे, याबद्दल वाचकांना उपयोग व्हावा म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे; जागेनुसार कापावे, मात्र रॉडचा भाग ठेवावा ही विनंती.

आधी त्या सेटबद्दल. २० किलो म्हणजे नुसत्या प्लेटा की रॉड धरून, हे जाहिरातीत बहुधा स्पष्ट नसते, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारावा. ग्लोव्हज, ग्रिपर आणि बॅगेची किंमत मनातल्या मनात शून्य धरावी. स्वस्त सेटमधल्या प्लेटा पीव्हीसीच्या असतात. बाहेर प्लास्टिकचे कवच आणि आत सिमेंट, वाळू किंवा लोखंडाचा कीस. वजन खरे असेल तर व्यायामाला त्या चालतात, त्यांना सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. अडचण जाडीची आहे. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, घनता घन सेंटिमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम, सिमेंट-वाळूच्या मिश्रणाची जेमतेम २ ते २.२. म्हणजे ३० सेंमी व्यासाची १० किलोची प्लेट बिडाची असेल तर २ सेंमी जाड होते, सिमेंट भरलेली असेल तर साडेसहा सेंमीच्या पुढे जाते. पाच फुटी रॉडला दोन्ही टोकांना प्लेटांसाठी साधारण २०-२५ सेंमी जागा असते. लॉकची जागा सोडली तर एका बाजूला अशा फार तर तीन प्लेटा मावतात आणि रॉड भरला. मुलाची ताकद वाढली तरी वजन वाढवायला जागाच उरत नाही.

दुसरी अडचण आपल्या उन्हाची. गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत पडलेले पीव्हीसीचे कवच दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते. मग प्लेट जरा जोरात टेकली की जोड उकलतो आणि आतला माल सांडू लागतो. डाव्या-उजव्या बाजूच्या वजनात फरक पडायला इथूनच सुरुवात होते.

बिडाच्या सुट्या प्लेटा किलोच्या भावाने मिळतात. सेटच्या किमतीला प्लेटांच्या खऱ्या वजनाने भागा आणि बिडाच्या किलोच्या भावाशी ताडून पाहा. फरक वाटतो तेवढा राहत नाही. शिवाय बिडाची प्लेट दहा वर्षांनीही किलोवर विकली जाते, पीव्हीसीची कोणी घेत नाही. रबर चढवलेल्या प्लेटा मधल्या भावात येतात. फरशीला त्या बऱ्या, पण पुनर्वापराच्या रबराला बंद खोलीत उग्र वास येतो. साबणाच्या पाण्याने धुऊन आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर ठेवल्या की तो पुष्कळ कमी होतो. उन्हात वाळवू नयेत, रबराला चिरा जातात.

आता रॉड. पैसे वाचवू नयेत अशी या सगळ्या खरेदीत ही एकच जागा, आणि नेमकी इथेच काटकसर होते. गोल सळईचे वजन काढायचे सूत्र बांधकामावरच्या कोणत्याही मिस्त्रीला पाठ असते: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे किलो. २५ मिमीला मीटरमागे ३.८६ किलो, २८ मिमीला ४.८४. पाच फूट म्हणजे १.५२ मीटर. तेव्हा २५ मिमीचा पाच फुटी भरीव रॉड पावणेसहा ते सहा किलोचा आणि २८ मिमीचा सव्वासात ते साडेसात किलोचा भरला पाहिजे. काट्यावर तो दोन-अडीच किलोच दाखवत असेल तर आत पोकळ पाइप आहे, वर क्रोम कितीही चमकत असो. दोन मिमी जाडीच्या पोकळ पाइपची वाकण्याविरुद्धची ताकद त्याच व्यासाच्या भरीव रॉडच्या जेमतेम निम्मी असते.

२५ की २८? ही ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. नुसत्या तीन मिलिमीटरने ती सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, किंमत तेवढी वाढत नाही. साध्या मऊ लोखंडाच्या २५ मिमी रॉडवर एकूण ६०-७० किलोच्या वर जाऊ नये, २८ मिमीवर १०० किलोपर्यंत जावे, ही आमची मर्यादा. स्थिर भार रॉड सोसतो. तो वाकतो ते स्टँडच्या हुकांवर धाडकन टेकवल्यावर, कारण त्या क्षणी भार दुपटीच्याही पुढे जातो. घेताना रॉड स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यासारख्या सपाट जागेवर लोळवून पाहा. सरळ रॉड एकसारखा लोळतो, वाकलेला मध्ये उचलतो आणि थांबतो.

प्लेटेचे भोक आणि रॉडचा व्यास यांचा मेळ आधी बघावा. बाजारात २८-३० मिमी भोकाच्या आणि ५० मिमी भोकाच्या अशा दोन जाती आहेत. ५० ची प्लेट बारीक रॉडवर अॅडॉप्टर लावून चढवता येते, पण ती डुगडुगते. एकदा जी जात निवडाल त्यातच राहा. लॉक दोन प्रकारचे: आट्यांच्या रॉडला स्टार नट, गुळगुळीत रॉडला स्प्रिंग. स्टार नटच्या आत रबराचे वायसर हवे. ते हरवले की प्रत्येक उचलीला नट थोडा सैल होतो. दोन डंबेलांच्या आखूड रॉडना तर हे जास्तच लागू, कारण त्या नटाखाली तोंड असते. उचलींच्या दर फेरीनंतर नट आवळायची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

किती वजन घ्यावे? नवशिक्याला २.५ किलोच्या ४, ५ किलोच्या ४, १० किलोच्या २ आणि १.२५ च्या २ प्लेटा पुरतात. बेरीज ५२.५ किलो, रॉड धरून ६०. २.५ आणि ५ च्या चार-चार सांगण्याचे कारण असे की दोन डंबेलांना दोन्ही टोके धरून चार सारख्या प्लेटा लागतात. तेवढ्यातच प्रत्येकी १५ किलोचे डंबेल तयार होतात आणि वेगळे डंबेल घ्यावे लागत नाहीत. १.२५ ची जोडी लोक टाळतात, ती टाळू नये. खांद्याच्या उचलीत एकदम पाच किलो वाढवणे बहुतेकांना झेपत नाही. मग तिथेच गाडी अडते आणि पाठ मागे झुकवून वजन ढकलण्याची खोड लागते.

प्लेटांवर कोरलेल्या आकड्यावर विसंबू नका. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पाच किलोवरील प्लेटांना ०.१ टक्का जास्त किंवा ०.०५ टक्का कमी एवढीच सूट असते. घरगुती सामानात दोन-तीन टक्क्यांचा फरक चालवून घ्यावा, पण १० ची प्लेट सव्वानऊ भरली तर ती परत करावी. दुकानदाराकडे काटा नसेल तर शेजारच्या किराणा दुकानात किंवा भंगारवाल्याकडे असतोच. घरी आल्यावर प्रत्येक प्लेटेचे खरे वजन ऑइलपेंटने मागच्या बाजूला लिहा आणि जवळच्या वजनाच्या जोड्या लावा. डाव्या-उजव्या बाजूत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक राहू देऊ नये.

फरशीचा विचार लोक सर्वांत शेवटी करतात, खरे तर तो आधी करावा. सोलापुरातल्या निम्म्या जुन्या घरांत शहाबादी आहे. ती दाबाला दणकट, पण खाली मुरूम बसून पोकळी झाली असेल तर १० किलोची प्लेट गुडघ्याच्या उंचीवरून पडली तरी तडकते. नाण्याने ठोकून पाहा, पोकळ वाजेल तिथे वजने ठेवू नका. माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर हे सामान नेऊच नये. आरसीसी स्लॅबबद्दल घाबरण्याचे कारण नाही. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार (माणसे आणि सामान) धरून काढलेला असतो. शंभर किलो लोखंड आणि एक माणूस मॅटवर विभागला गेला तर त्यात बसतो. अडचण आपटण्याची आहे, आणि बाहेर काढलेल्या गॅलरीत तर आपटणे नकोच.

महागड्या जिम मॅटऐवजी गोठ्यात जनावरांखाली अंथरतात ती रबर मॅट घ्यावी. साधारण साडेसहा बाय चार फूट, जाडी १५ ते १८ मिमी. आपल्या जिल्ह्यात दुभती जनावरे उदंड, त्यामुळे शेती-दुग्ध साहित्याच्या दुकानात ती सहज मिळते. तिच्यावर जिथे प्लेटा टेकतात तेवढ्या दोन जागी १८ मिमी प्लायचे तुकडे ठेवा, भार पसरतो. जुन्या सोलापुरी चादरी घड्या करून घालणारेही बरेच आहेत. आवाज कमी होतो हे खरे, पण रॉड घरंगळतो आणि पाय सटकतो. चादर पांघरायलाच बरी.

डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड उभे राहत मांडीपर्यंत उचलणे, करणाऱ्यांसाठी एक माप. मोठ्या स्पर्धेच्या प्लेटेचा व्यास ४५० मिमी, म्हणून रॉड जमिनीपासून २२.५ सेंमीवर असतो. आपली १० किलोची बिडाची प्लेट ३० सेंमीची असेल तर रॉड १५ सेंमीवरच राहतो. साडेसात सेंमी जास्त वाकावे लागते आणि कंबर गोल होते. प्लेटांखाली तीन इंची लाकडी ओंडके ठेवले की माप जुळते. विटा ठेवू नका, त्या फुटतात.

स्टँड आणि बेंच मात्र बाहेरून मागवण्यापेक्षा आपल्या गावातच करून घ्यावेत. ५० बाय ५० मिमीचा चौकोनी पाइप, १४ गेज म्हणजे २ मिमी जाड. २० फुटी एक पाइप सुमारे १८ किलो भरतो. १६ गेजचा साडेचौदा किलोच्या आसपास असतो, तो नको. पाइप दुकानातून काट्यावर घ्या, म्हणजे गेजवर वाद होत नाही. दोन पाइपांत दोन्ही वस्तू निघतात. पहिल्यातून साडेपाच फुटांचे दोन खांब आणि चार फुटांचे दोन तळपाय. दुसऱ्यातून दोन्ही खांब जोडणारी आडवी पट्टी (चार फुटांच्या आत, नेमकी लांबी रॉड मोजून), हातातून सुटलेला रॉड अडवणारे दोन-दोन फुटांचे दोन सुरक्षा-हात, आणि बेंचचा मधला पाइप, पाय व आडवे तळ. थोडा तुकडा उरतोही. दोन सुटे स्टँड कधीच करू नका. रॉड ठेवताना एकाला धक्का बसला की दोन्ही जातात. खांबांना १६ मिमीची भोके दर ५ सेंमीवर ड्रिलने पाडून घ्या. गॅसने पाडलेले भोक वाकडेतिकडे होते आणि पिन त्यात हलत राहते.

दोन ठिकाणी मिस्त्री हमखास चुकतो. एक, रुंदी. रॉड हातात येण्याआधी स्टँड करायला टाकू नका. स्पर्धेच्या रॉडला दोन स्लीव्हमधले, म्हणजे प्लेटा चढवायच्या जाड टोकांमधले, अंतर १३१ सेंमी असते, तिथे ११५-१२० सेंमी रुंद स्टँड चालतो. पाच फुटी रॉडला हे अंतर मीटरभरच असते आणि त्या स्टँडवर प्लेटा खांबाला घासतात. रॉडच्या दोन कॉलरमधले (प्लेटा आत सरकू न देणाऱ्या कड्यांमधले) अंतर मोजा आणि प्रत्येक बाजूला किमान पाच सेंमी सोडून बाहेरची रुंदी द्या. रॉड फारच आखूड असेल तर स्टँडचा नाद सोडून डंबेलवर भर द्यावा हे उत्तम. दोन, बेंचची उंची. पॉवरलिफ्टिंगच्या नियमात ती ४२ ते ४५ सेंमी आहे, रुंदी २९ ते ३२. मिस्त्रीला '४३ सेंमीचा पाय' सांगितले की तो ४३ सेंमीचाच पाय कापतो. मग त्यावर पाइप, प्लाय, फोम चढून बेंच साठ सेंमीवर जातो, झोपल्यावर पाय लोंबकळतात आणि कंबर उचलली जाते. ४३ मधून तळाचा पाइप ५, मधला पाइप ५, प्लाय २ आणि फोम ५ वजा करा: पाय २६ सेंमीचा कापायचा. फोम साध्या उशीचा नको, दाबून बनवलेला कडक हवा.

सुरक्षा-हात लावायला लोक कंटाळतात. घरी एकट्याने बेंच (झोपून छातीवरून रॉड ढकलणे) किंवा स्क्वॅट (खांद्यावर रॉड घेऊन बैठका) करणार असाल तर ते नसलेला स्टँड आम्ही करून देणार नाही, एवढेच सांगतो.

जुने सामान घ्यायला हरकत नाही. करोनात अनेक जिम बंद पडल्या तेव्हापासून जुन्या सामानाकडे लोकांचे लक्ष गेले आहे. बिडाची प्लेट दोरीला टांगून लोखंडाने ठोका: चांगली खणखणते, तडा असेल तर बद्द वाजते. भोकाभोवतीचा भाग विशेष बघा. वेल्डिंगच्या कडेने रंगाला बारीक रेघ दिसली तर खाली भेग असू शकते, रंग खरवडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. वरवरच्या गंजाला घाबरू नये. तारेचा ब्रश, रेडऑक्साइड आणि ऑइलपेंट, काम झाले. रॉडच्या पकडीला मात्र रंग लावायचा नाही, घासून मशीन तेलाचा पुसट हात फिरवायचा. आपल्याकडे हवा कोरडी, पण सप्टेंबरच्या पावसात गच्चीवरचा रॉड आठ दिवसांत तांबडा होतो.

या गावापुरता एक प्रश्न हमखास येतो: भंगारात मिळणारा यंत्रमागाचा जुना शाफ्ट रॉड म्हणून चालेल का? लोखंड भरीव असते, किलोवर मिळते, मोह होणारच. पण शाफ्टला गिअर-पुली बसवण्यासाठी चावीची खाच असते आणि तडा तिथूनच सुरू होतो. वर्षानुवर्षे फिरून आधीच थकलेला शाफ्ट त्या खाचेपाशी कधी तुटेल हे बाहेरून दिसत नाही. खाच नसलेला, सरळ, २८ मिमीच्या आसपासचा तुकडा मिळाला तर डेडलिफ्टपुरता वापरा. छातीवर किंवा डोक्यावर कधीही नको.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात रौप्य मिळवले, तेव्हापासून स्नॅच आणि क्लीन-जर्क या वजन डोक्यावर नेण्याच्या स्पर्धेतल्या उचली शिकायच्या म्हणणारी मुले आपल्याकडेही वाढली आहेत. आनंदाची गोष्ट आहे, पण ते या सामानावर करायचे नाही. त्या उचलीत रॉड हातात गर्रकन फिरतो. स्पर्धेच्या रॉडची ५० मिमीची टोके वेगळी फिरतात म्हणून प्लेटांचा पीळ मनगटावर येत नाही. आट्यांच्या रॉडला ती सोय नाही. पुरुषांचा तो रॉड २० किलो, २.२ मीटर, पकड २८ मिमी. महिलांचा १५ किलो, २.०१ मीटर, पकड २५ मिमी. लहान हाताच्या मुलामुलींना हा महिलांचाच घ्यावा. सोबत आपटता येणाऱ्या रबरी बंपर प्लेटा लागतात आणि खोलीची रुंदी दहा फुटांहून जास्त हवी. हे घरी स्वस्तात होत नाही. त्यासाठी प्रशिक्षक असलेल्या केंद्रात जावे. आणि हो, डोक्यावरची कोणतीही उचल पंख्याखाली नको.

शेवटी कायद्याचे. बंद पाकिटातून विकलेल्या मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार बंधनकारक आहे. ऑनलाइन मागवलेला खोका उघडताना आणि प्लेटा काट्यावर घालताना सलग व्हिडिओ काढा, पक्के बिल जपून ठेवा. वजन कमी भरले तर वजन-मापे तपासणाऱ्या वैध मापन शास्त्र विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. वैध मापन शास्त्र विभागाने एप्रिल-मे महिन्यांत भाजी-किराण्याच्या काट्यांबरोबर व्यायामसाहित्याच्या दुकानांतल्या प्लेटाही तपासाव्यात अशी आमची मागणी आहे. आणि एक विनंती इथल्या उद्योजकांना. मोटारींचे कॅमशाफ्ट ओतणारे हे गाव आणि आपण साध्या गोल प्लेटा मेरठ-जालंधरहून मागवतो. भाड्याचा खर्च त्यात वेगळाच. एखाद्या छोट्या फाउंड्रीने २.५, ५ आणि १० किलोचे तीन साचे केले आणि प्लेटा काट्यावर घालून विकल्या, तर पहिली खरेदी आम्हीच करू.

आपले,
एक फॅब्रिकेटर व एक व्यायाम प्रशिक्षक,
अक्कलकोट रोड, सोलापूर